आतून बंद

…नाही नाही, तोडायचं नाही, उघडायचं. तेवढ्यासाठी तर तुम्हाला बोलावलं, मिस्त्री — तोडायचं असतं तर मलाही खांदा आहे. हे दार, झोपायच्या खोलीचं. आत आमची मंडळी आहे — म्हणजे बायको. परवा संध्याकाळी आत गेली आणि कुलूप फिरवलं, ते आजपर्यंत. बरी आहे हो, बरीच असणार, तुम्ही असा चेहरा करू नका. आत न्हाणीघर आहे, पाणी आहे, खायला काहीबाही ती ठेवतेच उशाशी. रुसवा आहे, दुसरं काही नाही. आणि हे बघा, दाराखालून उजेड येतोय ना? परवापासून दिवा जळतोय — म्हणजे आत माणूस आहे. चपलाही बाहेर जागच्या जागी. काय म्हणता, आतून किल्ली लावलेली दिसत नाही? काढून उशीखाली ठेवत असेल. तिचं सगळं नीटनेटकं असतं. तुम्ही काम चालू ठेवा. मी बोलत राहिलो तर चालेल ना? ते यंत्र गुरगुरायला लागलं की थांबेन.

दारांचं म्हणाल तर माझा सगळा जन्म दारांबाहेर गेला. तुमचाही गेला असेल, पण तुम्ही उघडता. अणुभट्टीचं नाव ऐकलंय ना — त्यातलं इंधन कुठे किती आहे, कुणी त्यातलं थोडं गुपचूप बॉम्बकडे वळवत नाही ना, हे बघायला देशादेशांनी मिळून एक संस्था ठेवलीय. त्यात मी. कोवळा इंजिनियर होतो तेव्हा शिरलो, मग तपासनीस, मग विभागप्रमुख, मग उपप्रमुख. तपासनीस म्हणजे काय, तर परक्या मुलखात विमानातून उतरायचं, फाटकाशी उभं राहायचं आणि आत सोडा म्हणायचं. ते चहा देणार, हवापाण्याचं विचारणार, आणि मग म्हणणार, साहेब, किल्लीवाला रजेवर आहे. हसलात? अर्ध्या जगाच्या भाषांत हे वाक्य ऐकलंय मी — त्या किल्लीवाल्यांना इतक्या रजा कोण मंजूर करतं देव जाणे. पण आपण आवाज चढवायचा नाही, दाराला हात लावायचा नाही. विनंती करायची आणि थांबायचं. उत्तर आलंच नाही तर नकार समजायचा, तसं वर कळवायचं आणि परतीचं विमान धरायचं. माझं नाव झालं ते यावरच. याच्याइतकं शांत कुणाला उभं राहता येत नाही म्हणायचे. आणि आत सोडलंच तर मोजायचं, तपासायचं, निघताना सील लावायचं. तुमचं कुलूप माणसाला अडवतं, सील कुणालाच अडवत नाही — मध्ये कुणी हात लावला का, एवढंच सांगतं. पुढच्या खेपेला सील शाबूत दिसलं की आत सगळं होतं तसंच आहे असं धरायचं. उघडून बघत बसायचं नाही.

घरी? घरी मी यायचो ना मधूनमधून. आलो की लेक मला 'पाहुणे' म्हणायची. 'आई, पाहुण्यांना पाणी दे' — एवढीशी होती तेव्हापासून. सगळे हसायचो आम्ही. ही कधी तक्रार करायची नाही. आलो की घर जागच्या जागी, पडदे धुतलेले, हीसुद्धा जागच्या जागी. मी समजायचो सगळं ठीक आहे. लेकीला फोन करा म्हणता? काय सांगू, आई दार उघडत नाही म्हणून? लेक आईचीच हो. मला चार गोष्टी ऐकवील आणि वर विचारील, आजच कसं लक्षात आलं. नको. आधी बघू.

झालं काय, तर ठरलं होतं की यंदा मी मोकळा होणार. तिने गावाबाहेर घरही बघून ठेवलंय, बसकं, मागे परस-बिरस असलेलं. आणि परवा मी तिला सांगितलं की सर्वोच्च पदासाठी माझं नाव आहे, आणखी पाच वर्षं. ती म्हणाली, 'बरं.' एवढंच. भांडली असती तर मला जमलं असतं काहीतरी, भांडणाऱ्यांशी बोलायची सवय आहे मला. मग इथून खोलीत गेली आणि मला फोन आला, मी तिकडे वळलो. काल दुपारी मतदान झालं, मी निवडून आलो. ते गुच्छ त्याचेच, पाय जपून. टाळ्या वाजल्या, मला काहीच वाटलं नाही. आताही तुम्ही दार पोखरताय आणि मला काही वाटत नाहीये — दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा आपला नसतो, तसं.

काल परत आलो तर दार तसंच. चहा केला, इथे ठेवला. मग बसलो, इथेच, जमिनीवर, सूट घालून. आणि बोललो. मला बोलता येत नाही हो असं. म्हटलं, तू सांग. नको म्हणालीस तर सकाळी कळवतो, पद नको म्हणून, आणि जाऊ आपण त्या घरात. मला नाही राहायचं त्या नोकरीत, मी दमलोय, मला तुझ्याशिवाय एका खोलीत झोपायची भीती वाटायला लागलीय. बाहेर नाही आलीस तरी चालेल, नुसती आतून कडी वाजव. हे सगळं मोठ्याने. लग्नातसुद्धा इतकं बोललो नव्हतो.

नाही वाजवली. बराच वेळ थांबलो. चहा गार झाला. मग नकार समजलो आणि सोफ्यावर जाऊन झोपलो. आज सकाळी फोन आला, मी हो म्हणालो. सह्या झाल्या, बातमीही गेली जगभर. आता मागे फिरता येत नाही. आणि मग तुम्हाला फोन केला.

झालं? सुटलं? — नाही, आधी तुम्ही जा. जा हो, मी इथे उभा आहे. काय आहे? अहो, बोला की. कुणी नाही म्हणजे? न्हाणीघर बघा. दारामागे बघा. — सरका, सरका जरा.

पलंग आवरलेला आहे. कपाटात नुसते हँगर. मोठी बॅग इथे असायची. म्हणजे कुलूप बाहेरूनच… चपलांचा तिच्याकडे दुसरा जोड असेल, मी कधी पाहिलं नाही. गेली केव्हा? परवा, मी फोनवर होतो तेव्हाच? की काल, मी तिकडे टाळ्या घेत होतो तेव्हा? — काल दुपारी म्हणा. काल दुपारी तरी नक्कीच. म्हणजे रात्री इथे कुणी नव्हतं. थांबा, मला नीट लावू द्या. मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी नकार समजलो. पण नाही म्हणालं कोण? कुणीच नाही म्हणालं, मिस्त्री. मी विचारलं हे तिला ठाऊकच नाही. ती समजतेय, मी काही विचारलंच नाही.

काय? नको, नवं कुलूप नको. पैसे गुच्छांशेजारी ठेवलेत. हत्यारं उचला आणि जा. नाही, पाणी नको मला. हात सोडा — जा म्हणतोय ना.