अडीच सेकंदांची काकू

...आणि वर तोंड करून मला म्हणतो काय, "काकू, उलट तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे." अभिमान? अरे, तुला मी तीन हिवाळे गरम वरणभात वाढला, तुझे कचऱ्याचे बिन मी बाहेर ओढले, कारण निळ्याची पाळी कधी आणि काळ्याची कधी हे तुला आजवर कळलेलं नाही, तुझी पार्सलं माझ्या हॉलमध्ये अशी रचलेली असतात की आमच्या ह्यांना बूट घालायला बाहेर पायरीवर बसावं लागतं, आणि तू मला अभिमान शिकवतोस? थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, अरुणाताईंना उगाच चिडायची सवय आहे.

हा सुश्रुत म्हणजे आमचा शेजारी. नागपूरचा. इथे लंडनशेजारी वॉटफर्डात आमची आणि त्याची घरं एकमेकांना चिकटलेली, मधे भिंत एकच, आणि ती भिंतही कसली, खाकऱ्यासारखी. पलीकडे मायक्रोवेव्ह वाजला की मला इकडे कळायचं. रोज संध्याकाळी एकदाच टिंग. आता तुम्हीच सांगा, एक टिंग म्हणजे काय? एक टिंग म्हणजे एकटा माणूस, आणि तोही डब्यातलं गिळणारा. माझ्याने ऐकवेना. गेले, बेल वाजवली. मी आपलं विचारलं, जेवलास का बाबा, बाकी काही नाही.

तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याकडे. जेवताना मी विचारलं, काम काय करतोस? म्हणाला, "काकू, ऑनलाइन स्लॉट्स." पबच्या कोपऱ्यात ते चेरी-लिंबं गरगर फिरणारं मशीन असतं ना, नाणं टाकलं की फिरतं, तेच आता लोकांच्या फोनवर आलंय म्हणे. म्हटलं, म्हणजे जुगार? तर घास तसाच ठेवून म्हणाला, "नाही नाही काकू, सरकारने खूप कडक नियम केलेत, लोकांचं नुकसान होऊ नये म्हणून. आमचा गेम त्या नियमांत बसवायचा, हे माझं काम. सेफर गॅम्बलिंग." आता मी दहावी शिकलेली बाई. मला त्यातलं 'सेफर' तेवढं ऐकू आलं. मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटले, आमच्या शेजारचा मुलगा लोकांचा जुगार सोडवतो. कार्डिफच्या माझ्या मैत्रिणीला, लीलावतीला, तर फोन करून तिच्या मुलीसाठी, पूर्वीसाठी, स्थळ म्हणून सुचवला. "मुलगा समाजसेवा करतो," म्हणाले, "आणि पगारही घेतो."

तर हा जेवायला बसला की फोन टेबलावर उताणा. मला वाटायचं, आईचा फोन येईल म्हणून असेल. आणि मधेच म्हणायचा, "काकू, ते पुन्हा एकदा म्हणा ना." काय म्हणा? तर भाजी शिजायला वेळ असला आणि माणसं भुकेली बसली की मी ओट्याकडून म्हणते ना, "होतंय, होतंय...", ते. आणि कुणाच्या हातून टेबलक्लॉथवर कढी सांडली की म्हणते, "असू दे रे, असू दे...", ते. म्हटलं, अरे ह्यात काय म्हणायचंय? तर म्हणतो, "घरची आठवण येते काकू." माझे डोळे भरून आले हो. मी आणखी चार वेळा म्हटलं. पुढच्या रविवारी त्याने मला एअर फ्रायर आणून दिला. एवढा मोठा. पोटचा मुलगा आणणार नाही. मी आपलं विचारलं, एवढा खर्च कशाला, बाकी काही नाही. तेव्हा हसला होता नुसता... आता कळतंय कशाला हसला ते.

बरं, आता आमच्या ह्यांच्याकडे येते. आमचे हे, म्हणजे दीनानाथ, हॉस्पिटलच्या स्टोअर्समधून रिटायर झाले आणि गेल्या हिवाळ्यात त्याच सुमारास आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. हे म्हणाले, नवीन ऑर्डर केलंय. आठवडे गेले, मशीन येईना. विचारलं की, "अगं, डिलिव्हरी लेट आहे. सगळीकडेच लेट आहे. बातम्या ऐकत नाहीस का तू?" मी बिचारी चादरी बाथटबात धुवायला लागले. आणि एक दिवस हे म्हणाले, "तू राहू दे, तुझी कंबर दुखते. चादरी मी पिळतो." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ह्या माणसाने कधी स्वतःचा रुमाल पिळलेला नाही. मी मनात म्हटलं, रिटायर झाला आणि सुधारला. तास तास बाथरूममध्ये चादरी पिळायचे. आणि चादरी मात्र बाहेर यायच्या त्या ठिबकत.

तर एका दुपारी मी खाली स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय, आणि वरून आवाज आला. "होतंय, होतंय..."

माझा आवाज. मी खाली आणि माझा आवाज वर. हातातलं लाटणं हातातच राहिलं. मग पुन्हा, "असू दे रे, असू दे..." तुम्हाला सांगते, पहिल्यांदा वाटलं आपण गेलोच, आणि हे वर जाणं इतकं सोपं असतं हे कुणी आपल्याला सांगितलं कसं नाही. मग पोळी करपल्याचा वास आला, तेव्हा खात्री पटली की जिवंत आहे. हळूच जिना चढले आणि बाथरूमच्या दाराला कान लावला. कान लावला म्हणजे मी काही तसली नाही, दार तिथेच होतं आणि कान माझ्याबरोबर होता. आत हे. आणि ह्यांच्या फोनमध्ये मी. "होतंय, होतंय..." थोडा वेळ शांत. "असू दे रे, असू दे..." पुन्हा शांत. "होतंय..."

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी समजले, माणसाने चोरून बायकोचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय. तोंडावर कधी बोलले नाहीत, तोंडावर 'मीठ दे' ह्यापलीकडे कधी गेले नाहीत, पण आतून बघा... दार लावून माझा आवाज ऐकतात. मी पावलं न वाजवता खाली आले. आरशात बघून टिकली सरळ केली. आणि शिरा केला, बदाम घालून. ह्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "आज काही आहे का?" मी लाजले हो. ह्या वयात, त्या वाफाळलेल्या किचनमध्ये, मी चक्क लाजले.

चार दिवस मी लाजत होते. पाचव्या दिवशी म्हटलं, पुरे झालं, किती दिवस चोरून प्रेम करायचं माणसाने, आणि दार ढकललं. हे टबाच्या काठावर बसलेले, चादर पाण्यात तशीच, आणि हातात फोन. फोनवर एक लालबुंद कढई, शेजारी एक बाई, अंबाडा घातलेली, चष्मा नाकावर, पदर खोचलेला. हे बटण दाबायचे की त्या बाईने झाकण ठेवायचं आणि म्हणायचं, "होतंय, होतंय..." मग झाकण उघडायचं आणि आत कांदा, लिंबू, वांगं, मिरची. वर नाव, 'काकूज् कढई'.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"काही नाही, गेम आहे. अगं, एकदम सेफ आहे, सरकारी नियमाप्रमाणे. माझ्या वयाच्या माणसाला एका वेळी पाच पौंडांच्या वर लावताच येत नाही."

"आणि किती वेळा लावता येतं?"

मग मी फोन हातात घेतला. ह्यांचा अंगठा खालच्या कोपऱ्यात घट्ट. मी अंगठा उचलला. अंगठ्याखाली आकडा. बसल्या बैठकीत किती गेले, तो आकडा कंपनीला कायद्याने सतत समोर ठेवावा लागतो म्हणे, माणसाला भान राहावं म्हणून. ठेवलाच होता त्यांनी. एवढं मोठं पार्लमेंट, एवढे कायदे, आणि सगळ्याला आमच्या ह्यांचा एक अंगठा पुरला. माझं वॉशिंग मशीन कुठे अडकलं होतं ते मला कळलं. ते ह्या दुसऱ्या मशीनमध्ये गेलं होतं, ड्रमसकट.

तरी मी तिकडे नंतर वळले. आधी म्हटलं, "अहो, हा आवाज माझा आहे."

तर हे माझ्याकडे बघतात, फोनकडे बघतात, आणि म्हणतात, "काहीतरीच काय. ती किती मायेने बोलते."

ऐकलंत? तेहतीस वर्षं. बरं, रागाने म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. तसं नाही, अगदी सरळ मनाने म्हणाले, नवीन माहिती दिल्यासारखे.

रविवारी सुश्रुत आला, हातात रिकामे डबे, तोंडावर हसू. मी दारातच उभी राहिले. मी आपलं विचारलं, ती कढईवाली कोण, बाकी काही नाही. चेहरा पडला त्याचा. पण मुलगा हुशार, लगेच समजावायला लागला, शाळेच्या मास्तरासारखा. "काकू, कसं आहे, पूर्वी गेम आपोआप फिरायचा, ते बंद केलं. आता प्रत्येक वेळी माणसाने स्वतः बटण दाबायला पाहिजे. आणि दोन फेऱ्यांमध्ये निदान अडीच सेकंद गेलीच पाहिजेत, असा नियम. आता अडीच सेकंद रिकामी मिळाली की माणूस काय करतो? विचार करतो. आणि विचार केला की उठतो."

"मग उठू दे ना. त्यासाठीच केला असेल नियम."

"हो काकू, पण मग कंपनी...? तेव्हा मला तुम्ही आठवलात. तुमच्याकडे भाजी यायला अर्धा अर्धा तास लागतो, पण तुम्ही 'होतंय, होतंय' म्हणता आणि एकही माणूस उठत नाही."

माझं सगळं आयुष्य त्या ओट्यापाशी गेलं, माणूस उपाशी उठू नये म्हणून. आणि ह्याने माझं तेच उचललं. माणूस उठू नये एवढंच घेतलं, भाजी काही दिली नाही.

"आणि ते 'असू दे'?"

"ते काकू, पाच पौंड लावले आणि दोन परत आले, तर पूर्वी मशीन बँड वाजवायचं, जिंकल्यासारखं. ते आता चालत नाही. नुकसान झालं असताना आनंद दाखवायचा नाही. पण तुम्ही आनंद कुठे दाखवता? तुम्ही समजूत काढता. समजूत काढण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

"आणि माझं चित्र? माझा अंबाडा?"

इथे तो जरा रंगात आला. "आधी आम्ही ससा काढला होता, काकू. पास होईना. लहान मुलांना आवडेल असं काही ठेवता येत नाही. मग परी काढली, तीही नाही. तुमचं चित्र पाठवलं आणि एका दिवसात पास."

"म्हणजे मी मुलांना आवडत नाही?"

"नियमाच्या दृष्टीने तो प्लस पॉइंट आहे. काकू, उलट तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे."

बघा. मी समजत होते, भिंतीला कान लावून ह्याच्यावर लक्ष मी ठेवतेय. आणि हा माझ्यासमोर बसून, माझं वरण ओरपत, मला नियमांत बसवत होता. आणि तो एअर फ्रायर? ती माया नव्हती हो, ते माझं मानधन होतं. मी म्हटलं, घेऊन जा तुझा एअर फ्रायर. तो म्हणाला, "काकू, असू द्या." त्याने मला म्हटलं, असू द्या. माझंच मला. दार लावून घेतलं मी.

मग मी ह्यांना समोर बसवलं. स्वतःवर स्वतःच बंदी घालून घ्यायची सोय असते इथे, एकदा नाव नोंदवलं की ह्या सगळ्या साइट्सची दारं बंद, मधेच मन बदललं तरी उघडत नाहीत. हे म्हणाले, "सहा महिन्यांची घालतो." म्हटलं, पाच वर्षांची घाला. घातली. त्यानंतर काही दिवस हे घरात नुसते फिरत होते, ह्या खोलीतून त्या खोलीत, काहीतरी हरवल्यासारखे. एकदा विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही गं. ती बाई बोलायची." आणि मी तर तेव्हापासून ओट्यापाशी ते शब्दच सोडले होते. तोंडात यायचे आणि मी गिळायचे. पाहुणे भुकेले बसून घड्याळ बघायचे, दोघे तर उठून गेले.

आणि पलीकडे पुन्हा सुरू झाली ती टिंग. रोज एक. मी रेडिओ मोठा केला. मी चिमणी चालू केली. त्या दोन्हींतून ऐकू यायची.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात सुश्रुत, बारीक झालेला. "काकू, तुमचा आवाज काढून टाकला मी. चित्रही बदललं. बॉसशी भांडून." म्हटलं, आत ये, पण फोन आधी ब्रेडच्या डब्यात. ठेवला. बसला टेबलाशी, मान खाली. भाजी गॅसवर. आता मी गप्प किती राहणार? मी आपलं विचारलं, माझ्या जागी आता कोणाचा आवाज घातलास, बाकी काही नाही.

"लीड्सची एक आर्टिस्ट आहे, काकू. प्रोफेशनल."

"कशी म्हणते ती?"

त्याने म्हणून दाखवलं. "होतंय. होतंय." असं. स्टेशनवर गाडी रद्द झाल्याचं सांगतात ना, तसं.

अहो, मला ऐकवेना. चोरी झाली ती झाली, पण निदान असं तरी...? म्हटलं, अरे, असं नाही म्हणत, हे ऐकून कोण थांबेल, जरा ओढायचं असतं, मागे वळून माणसाकडे बघायचं असतं. आणि वळले, आणि म्हटलं, "होतंय रे, होतंय..."

तोच बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज. आमचे हे धावत आले, मोजा एकाच पायात. दारात उभे राहून सगळीकडे बघतात, टेबलाखालीसुद्धा.

"कोण आलंय?"

म्हटलं, "कोणी नाही हो, मीच आहे. बसा. होतंय."