सासूबाईंचा स्पेक्ट्रम

खरं सांगू, 'स्पेक्ट्रम' हा शब्द लोकांना समजावून समजावून मी थकून गेली होती. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या पिंकीसाठी वापरलेला. ऑटिझम सगळ्या मुलांत सारखा नसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे प्रकार असतात, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ज्याला सांगावं तो म्हणणार, "म्हणजे थोडंसंच आहे न? होऊन जाईल बरी." सासूबाईंना तर चारदा सांगितलं. त्या तांदूळ निवडत नुसतं हूं हूं करायच्या. शेवटी मी नादच सोडला.

परवा शेजारच्या काकू दारापुढच्या सपरीत येऊन बसल्या. तासभर त्यांचं तोंड बंद नाही. मी चहा आणून ठेवला, तशा सासूबाईंना म्हणाल्या, "सहा वर्षांची झाली, तुमची नात बोलत काऊन नाही वं?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "बोलण्याचं असंच राहते बाई. आमची पिंकी या टोकाले, तू त्या टोकाले. बाकी आम्ही सारे मधात."

काकू चहा न घेता तशाच उठून गेल्या. त्यांचा कप मीच उचलला. कितीतरी दिवसांनी गरम चहा पोटात गेला.