विमान उतरवणारी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा होते. जुना कॉम्प्युटर त्यांनी काउंटरवर ठेवला होता.

“आई, हा देऊन टाकू. नवा घेऊ, त्यावर विमान उडवायच्या खेळाचा नवा सिम्युलेटर टाकून देतो.”

“त्यात आमचं जेट चालेल?”

“ते जुन्या सिम्युलेटरसाठी केलेलं. नव्यात उघडणारसुद्धा नाही. नवं बिझनेस जेट घेऊ ना, झकास! बटण दाबलं की आपोआप उतरतं.”

“मग मी काय करू? मागे बसून पेपर वाचू?”

“अगं, बाबा गेल्यापासून तू त्या पडद्यासमोरून हलत नाहीस. त्यांचा खेळ होता तो. सोड आता.”

“त्यांचा?”

“मग कोणाचा? त्यांच्याइतकं अलगद विमान कोण उतरवायचं?”

“मी. तुझ्या बाबांनी जन्मात एकदाही धड उतरवलं नाही. धावपट्टी दिसली की घाबरायचे. ‘घे गं’ म्हणायचे आणि खुर्ची सोडून उठायचे.”

“काहीतरीच! सगळ्यांना तर सांगायचे, मीच उतरवतो म्हणून.”

“सांगू दिलं. नवरा होता माझा. तुला नाही सांगू देणार.”

दुकानदाराने कॉम्प्युटर पुढे ओढला.

“आजी, यातलं सगळं पुसून टाकू ना?”

“पुसून तर बघ! पंखा घरघरतोय, तेवढा बदल आणि परत दे. संध्याकाळी माझं उड्डाण आहे.”