जमिनीची आगाऊ खबर

मनस्विनी: काका, मी तुम्हाला खोटं ठरवायला आले नाही. एवढंच विचारून राहिले, की मंगळवारी किंवा त्याच्या आधी यंत्राला कुणी हात लावला होता का?

बसवंत: कुणी बी न्हाई. तुम्ही नांदेडच्या विद्यापीठातून येऊन बसवून गेलाव, तवापून तसाच हाय त्यो डबा. कोपऱ्यात, फरशीला चिकटून.

गौरम्मा: मला तर तिकडं झाडू बी मारू देत न्हाईत, माय. जाळी धरली बगा त्याच्यामागं.

मनस्विनी: जाळ्यांनी काही होत नाही, मावशी. जमिनीची थरथर ऐकायची आणि नेटवरून आमच्याकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. पुढचं सांगणं त्याचं काम नाही.

बसवंत: पर सांगितलं न्हवं त्यानं! चिली का काय देश हाय, तितं मंगळवारी समुद्रात मोठा भूकंप झाला. टीव्हीवर आलतं. आपल्या टायमानं धा वाजून धा मिंटाला. खरं का न्हाई?

मनस्विनी: खरं आहे.

बसवंत: आन् आपल्या डब्यात ही येवढी मोठी लाट कवा उमटली? साडेनवाला. चाळीस मिंटं आदी! तिकडं अजून काय बी झालं न्हवतं, आन् हितं किल्लारीत जमिनीला खबर लागली व्हती.

मनस्विनी: तुमचा फोन आल्यापासून मी तीच रेषा बघत बसले होते. आमच्याकडेही साडेनऊच पोचलंय. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

बसवंत: आला न्हवं काटा? मग!

मनस्विनी: पण पहिला संशय घड्याळाचाच येतो ना काका. हे यंत्र वेळ घेतं तुमच्या राऊटरकडून. इथं नेट सारखं ये-जा करतं म्हणून आम्हीच तशी सोय केली. आल्या आल्या राऊटरचं घड्याळ बघितलं, तर ते तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाशी बरोबर जुळतंय. आता मलाच कळेनासं झालंय.

बसवंत: बिलकुल जुळतंय. म्या सोता बगतो रोज. आज सांजच्याला देवळाच्या मंडपात समदं गाव जमणार हाय. गुंडप्पा सरपंचानं सांगावा धाडलाय. लातूरचा पेपरवाला बी येतो म्हनलाय. काल ईश्वरप्पा येऊन बसला व्हता हितं. तीन लेकरं एका दिवशी पुरलेला माणूस. नुसता डब्याकडं बगत बसला, चहा गार होऊन गेला. जाताना येवढंच इचारला, "बसवंता, ह्याला घंटा बसवता येईल का रं?"

गौरम्मा: आवं, तिला पाणी तरी पिऊ द्या. लातूरला मुक्काम करून पैल्या जीपनं आलीय पोरगी. उतरल्यापून उभीच हाय.

मनस्विनी: बसते मावशी. काका, तुम्ही गावाला काय सांगणार आहात?

बसवंत: काय सांगायचं? चाळीस मिंटं लई झाले, बाई. चाळीस मिंटांत अख्खं गाव शेतात जाऊन उभारतंय. म्हाताऱ्याला पाठीवर घ्यावं, लेकरू काखंत मारावं, दावणीची जनावरं सोडावी, तरी टाईम उरतोय. म्या त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे जीप घेऊन लातूरला व्हतो. गणपती बुडवून आलेली माणसं सोडाया गेलतो. माघारी आलो तर गाव कुठं व्हतं त्येच कळंना. वेस न्हाई, गल्ली न्हाई, नुसता दगड आन् माती. आमची नंदा चार वर्साची व्हती. चाळीस कशाला, चार मिंटं मिळाली असती तरी ही तिला घिऊन भाईर आली असती.

गौरम्मा: ते नका काढू.

बसवंत: काढू नको तर काय करू? आता कुठं इलाज घावलाय म्हनतो मी!

गौरम्मा: तुम्ही मंगळवारपून खुशीत हाव. मला डोळ्याला डोळा न्हाई. पोरी, तू शिकलेली हाईस. मला खरं सांग. जमीन आदी सांगती का?

मनस्विनी: असं का विचारताय मावशी?

गौरम्मा: आता सांगती म्हनल्यावर तवा बी सांगितलंच असंल न्हवं? बारके हादरे तर वरीसभर खात व्हतो. त्याचं काय कुणाला उमगत न्हवतं. मी त्या पहाटंचं इचारते. नंदा माझ्या कुशीत व्हती. मला ढिगाऱ्यातून वढून काढलं, तवा तिचा हात माझ्या हातात व्हता. जमीन आदी बोलली असंल, तर माझ्या कानाखालीच बोलली असंल, माय. उशाखाली. आन् मला ऐकू आलं न्हाई.

बसवंत: गौरा... हे तू मला कवाच बोलली न्हाईस.

गौरम्मा: इतकी वर्सं बोलायचं काय कारणच न्हवतं. आता ह्या डब्यानं काढलं.

(घरासमोरून एसटी जाते. खिडकीची काच थरथरते.)

मनस्विनी: मावशी, आत्ता गेली ती कोणती गाडी?

गौरम्मा: धाची एसटी. रोज जाती की. ती गेली की म्या उठते, चुलीवर तवा ठेवते.

मनस्विनी: थांबा. उठू नका. लॅपटॉपवर बघा, ही आत्ताची रेषा. चालू आहे. ही फुगली ना, ही तुमची एसटी.

गौरम्मा: येवढ्यात उमटली बी?

मनस्विनी: हो. आणि तिच्याखाली वेळ बघा काय पडलीय.

बसवंत: नऊ? नऊ कसं काय? भिंतीवर धा वाजलेत की!

मनस्विनी: तेच म्हणते मी. आता मंगळवारचं काढू. ही बघा, मंगळवारीही एसटी नऊला. आणि तिच्यामागून हे बारीक बारीक ठोके दिसतात. एकसारखे येतात, मग जरा थांबतात, परत सुरू होतात. रोज असतात. आम्ही नांदेडला डोकं खाजवून राहिलो होतो की हे काय आहे.

गौरम्मा: आगं, म्या भाकरी थापते.

मनस्विनी: काय?

गौरम्मा: खाली बसते न्हवं मी, परात फरशीवर असती. थापली, तव्यात टाकली, दुसरा गोळा मळून घेतला. तेवढा दम. मग परत थाप. माझ्या भाकरी बी दिसत्यात ह्याच्यात?

मनस्विनी: दिसतात मावशी. मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसतात.

गौरम्मा: आगं बाई! नांदेडपतोर गेल्या माझ्या भाकरी?

मनस्विनी: गेल्या. पण मला सांगा, तुम्ही एसटीच्या आधी कधी भाकरीला बसता का? सव्वानऊला, साडेनऊला?

गौरम्मा: न्हाई गं. तवा म्या नळाला असते. रांग असती तितं. धाच्या आत घरातच नसते मी.

मनस्विनी: काका, बघा. एसटी तासभर आधी. भाकरी तासभर आधी. नुसती चिलीची लाटच आधी आली नाही. सगळंच एक तास आधी उमटून राहिलंय. आता मागं जाऊ. इथं, पंधरा-वीस दिवसांपूर्वी बघा, एसटी बरोबर दहाला. मधल्या काळात काय झालं?

बसवंत: काय व्हणार? वादळ झालं, लाईट गेली दोन दिवस. लाईट आल्यावर नेट चालू झालं, पर राऊटरच्या घड्याळात कुठल्या जमान्यातलं साल दिसाया लागलं. तुमच्यातल्याच एका सरांनी फोनवर सांगितलं, हातानं वेळ भरा म्हनून. म्या भरली. मिंटाला मिंट जुळवून भरली.

मनस्विनी: राऊटरचं ते पान उघडते. हं... काका, हा खाली चौकोन आहे, ह्यात ही खूण कुणी केली?

बसवंत: ती म्याच केली. डेलाइट सेव्हिंग. नातवाच्या पुस्तकात डे म्हंजी दिवस, लाइट म्हंजी लाईट, सेव्हिंग म्हंजी बचत. म्हनलं दिवसा लाईटची बचत करत असंल. चांगलंच हाय की. येवढी लाईट जाती, बचत कुणाला नको?

गौरम्मा: आता हसतीस का गं?

मनस्विनी: काकांवर नाही हसत. मीही पहिल्यांदा असाच अर्थ लावला असता. काही थंड देशांत उन्हाळा आला की सगळे लोक आपली घड्याळं एक तास पुढं करतात. संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. हिवाळ्यात परत मागं घेतात. ती खूण त्याच्यासाठी आहे.

गौरम्मा: समदा देश घड्याळ पुढं सारतो? आन् सूर्य?

मनस्विनी: सूर्य आपल्या वेळेनं उगवतो, मावशी.

गौरम्मा: मग बरं.

मनस्विनी: तर राऊटरला वाटलं, आपणही घड्याळ पुढं सारलंय. तुम्ही भरलेली वेळ त्यानं तोंडावर तशीच दाखवली, पण मनातल्या मनात तास वजा केला, की खरी वेळ एवढीच. आणि यंत्राला दिली ती वजा केलेली. म्हणून वरून बघणाऱ्याला चूक दिसेना. तुम्हालाही नाही, मलाही नाही.

बसवंत: तोंडावर एक आन् पोटात एक.

मनस्विनी: हो. आता ही खूण काढली. आणि हातानं भरायचंही बंद केलं. आता तो स्वतःच दूरच्या पक्क्या घड्याळाला विचारेल. त्याचा सवाल जायला आणि जवाब यायला किती वेळ लागला, तोही धरतो हिशेबात. झालं. बघा, आता रेषेखाली दहा वाजून गेलेत.

बसवंत: म्हंजी तास न्हाई मिळाला.

मनस्विनी: नाही काका.

बसवंत: चाळीस मिंटं बी न्हाईत.

मनस्विनी: एक मिनिटही नाही.

बसवंत: चार दिवस म्या... ईश्वरप्पाला काय सांगू? त्यानं चहा सुदिक पिला न्हाई वो. म्या त्याला म्हनलो, आता कुणाचं लेकरू जाणार न्हाई.

गौरम्मा: पोरी, एक सांग. तिकडं चिलीत कुणाला आदी कळलं व्हतं का?

मनस्विनी: कुणालाच नाही. मोठमोठी यंत्रं आहेत त्यांच्याकडे. तरी नाही कळलं. घरं मजबूत होती, लोक पळत बाहेर आले, म्हणून बहुतेक जण वाचले. कुठल्या दिवशी, कुठल्या घटकेला होणार, हे अजून जगात कुणाला ऐकू येत नाही, मावशी. आणि तेव्हाही येत नव्हतं. त्या पहाटे माणसाच्या कानाला ऐकू यावं असं काही नव्हतंच.

गौरम्मा: तवा बी न्हवतं?

मनस्विनी: नव्हतं.

गौरम्मा: म्हंजी म्या नुसती झोपले व्हते.

बसवंत: हाव, गौरा. लेकरू कुशीत घिऊन झोपली व्हतीस. दुसरं काय बी न्हाई.

गौरम्मा: थांबा. मला जरा पदर डोळ्याला लावू द्या.

मनस्विनी: मी बाहेर बसू का थोडा वेळ?

गौरम्मा: न्हाई, बस. तू बसलीस म्हनून बोलले. दुसरं सांग कायतरी.

मनस्विनी: दुसरं सांगायचंच आहे. काका, इकडं या. साडेनऊत तास मिळवा. किती झाले?

बसवंत: साडेधा.

मनस्विनी: चिलीला भूकंप झाला दहा वाजून दहाला. तुमच्याकडे लाट आली साडेदहाला. वीस मिनिटं लागली. ही लाट कुठून आली माहीत आहे?

बसवंत: समुद्रातून आली असंल.

मनस्विनी: नाही. चिली आपल्या जवळजवळ पायाखाली येतो, पृथ्वीच्या त्या अंगाला. ही लाट वरून फिरून आली नाही. पृथ्वीच्या पोटातून आली. खाली हजारो किलोमीटर गेलं की वितळलेलं लोखंड आहे, त्यातून पार होऊन इथं, तुमच्या ह्या फरशीत निघाली.

बसवंत: आरपार?

मनस्विनी: आरपार. पोटातून येणाऱ्या लाटेला किल्लारीपर्यंत किती वेळ लागावा, ते आमच्या तक्त्यात आहे. वीस मिनिटं. आणि तुमच्या डब्यानं वीसच दाखवली.

बसवंत: मला हितून लातूरला जीप न्यायला तास लागतो. आन् ही दुनियेच्या पोटातून वीस मिंटात? पर ते लोखंडाचं तुम्हाला कुणी सांगितलं? येवढ्या खाली कोण गेलतं?

मनस्विनी: कुणीच गेलं नाही. कुणाला जाताही येणार नाही. अशा लाटा ऐकून ऐकूनच कळलं. कुठून निघाली, कुठं पोचली, किती वेळ लागला, वाटेत कुठं वाकली. त्यावरून माणसानं पृथ्वीचं पोट ओळखलं. त्यासाठी घड्याळ मात्र बरोबर पाहिजे.

बसवंत: नुसतं ऐकून... गौरा, तू ऐकायलीस का? त्या दिवशी जी जमीन उलथली, तिच्या पोटात काय हाय ते हिला ठावं हाय.

गौरम्मा: ऐकायले की. पोरी, साडेधाला म्या भाकरी थापत असंन न्हवं?

मनस्विनी: थापत होतात. ह्या बघा तुमच्या थापा. इथं थांबलात, दुसरा गोळा घेतला असेल. आणि बरोबर इथंच, त्या थांबलेल्या जागेत, ती लाट सुरू होते. मग तुमच्या थापा आणि ती लाट, दोन्ही एकाच रेषेत.

गौरम्मा: माझ्या हाताखालून गेली.

मनस्विनी: हाताखालून.

बसवंत: म्या त्या वक्ताला ओट्यावर पेपर वाचत बसलो व्हतो. काय बी कळलं न्हाई मला.

मनस्विनी: कुणालाच कळत नाही. इतकी हलकी होऊन येते ती इथपर्यंत.

बसवंत: सांजच्याला मंडपात जातो, बाई. जावंच लागंल. सांगतो, चूक माझी, चौकोनात खूण म्या केली. हसतील ते हसतील. ईश्वरप्पाच्या शेजारी जाऊन बसतो आदी, मग बोलतो.

मनस्विनी: मीही येते. घंटा मिळणार नाही हे मी सांगेन. तुम्ही एकट्यानं नका सांगू.

गौरम्मा: म्या बी येणार.

बसवंत: तू? इतक्या वर्सांत तू त्या मंडपात कवा बोलाया उभारली न्हाईस.

गौरम्मा: घड्याळाचं तुम्ही सांगा. त्या लाटंचं म्या सांगते.

बसवंत: काय सांगशील?

गौरम्मा: सांगते, दुनियेच्या त्या अंगाची लाट मंगळवारी आपल्या गावाखालून गेली. आमची नात, शिल्पाची बारकी, हितंच फरशीवर गोधडीत निजली व्हती. तिनं कूस बी बदलली न्हाई.