आई हो म्हणाली

ताई : थांबा डॉक्टर, तिला आत नेऊ नका. ती हो म्हणाली म्हणजे नेमकं काय झालं, ते सांगा मला आधी.

डॉक्टर : मी त्यांना सगळं समजावलं. पाय सडत चाललाय, विष अंगात भिनतंय, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. 'काढू का?' विचारलं. त्या 'हो' म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

भाऊ : मी समोरच होतो ना. ताई, तू घरी आंघोळीला गेलीस तेव्हाच झालं हे. आता उगाच फाटे फोडू नकोस.

ताई : तू बोलूच नकोस. इतक्या महिन्यांनी उगवलास आणि कारभारी झालास! डॉक्टर, झटका आल्यापासून तिच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरलाय. बघा. आई, जेवलीस का गं?

आई : हो.

ताई : मग उपाशी आहेस?

आई : हो.

ताई : आणि हा तुझा लेक गाढव आहे ना?

आई : हो.

भाऊ : ही काय चेष्टेची वेळ आहे?

ताई : चेष्टा तूच चालवलीयस. रोज फोनवर 'आई, बरी आहेस ना?' तिचं 'हो' ऐकलं की तू मोकळा!

डॉक्टर : एक मिनिट. त्यांना समजतच नसेल, तर निर्णय तुम्हा दोघांना...

ताई : समजतं हो सगळं. नुसतं बोलता येत नाही. घरी मी दोन्ही हात पुढे करते. या हातात आंघोळ, या हातात झोप. हवा तो हात धरते, नको तो ढकलून देते.

डॉक्टर : असं? मग मीच विचारते. पेशंट समजून सांगू शकत असेल, तर उत्तर तिचंच हवं. कायदाही तेच म्हणतो. तुम्ही दोघं जरा मागे सरा. आजी, माझ्याकडे बघा. हा उजवा हात धरलात तर पाय काढायचा. जगायची आशा चांगली आहे. हा डावा धरलात तर पाय राहील, पण तुम्ही फार दिवस राहणार नाही. दुखू मात्र देणार नाही मी. कुठला धरता?

(आई बराच वेळ दोन्ही हातांकडे बघत राहते. मग डावा धरते.)

भाऊ : चुकून धरला! अहो, गोंधळली ती.

डॉक्टर : म्हणून आता उलट करते. आजी, आता डावा म्हणजे ऑपरेशन. उजवा म्हणजे घरी. नीट बघून धरा... उजवा. डावा ढकलून दिला त्यांनी.

भाऊ : आई, अगं असं काय करतेस? नवा पाय बसवू आपण. माझ्याकडे नेतो तुला, कायमची. येशील ना?

आई : हो.

भाऊ : ऐकलंत? येते म्हणाली!

डॉक्टर : हात सोडला नाहीये त्यांनी अजून. मी ऑपरेशन थांबवते. बरं झालं ताई, तुम्ही घरून वेळेवर आलात. नाहीतर फार मोठी चूक झाली असती माझ्या हातून.

ताई : थांबवता म्हणजे?

डॉक्टर : त्यांना घरी नेता येईल.

ताई : मला वाटलं होतं, नीट विचारलं तरी ती 'पाय काढा'च म्हणेल. तिच्या मनानं व्हावं, एवढंच म्हणत होते मी.

भाऊ : झालं ना मग तुझ्या मनासारखं?

ताई : गप्प बस रे! डॉक्टर, पुन्हा विचारा ना एकदा.

डॉक्टर : विचारीन, संध्याकाळी. पण आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत बसणार नाही मी.

ताई : डॉक्टर... मी घरून अजून आलेच नाही, असं समजता येणार नाही का?