आप्पांच्या मागचा सूर्य

आप्पांचा फोटो काळा आला होता. धनराजने तो पाकिटात परत सरकवला आणि आपण अजून पाहिलाच नाही अशा चेहऱ्याने बहिणीच्या, सरिताच्या हातात दिला. नाशिकच्या त्या स्टुडिओत काउंटरवर बसलेली वेदिका रोल धुतल्याची पावती फाडता फाडता थांबली.

सरिताने फोटो बाहेर काढला. “दादा, सूर्य लय भारी आलाय. आप्पा कुठंयत?”

“त्याच्या पुढं. ते काळं हाय ना, तेच.”

“उद्या दहावा हाय. हार काय काळ्याला घालायचा?”

“इगतपुरीच्या घाटात दोन तास बसवलं त्यांना. म्हटलं, डोक्यामागं सूर्य आला की देवावानी दिसतील.”

“आणि फ्लॅश?”

“एवढा सूर्य असताना फ्लॅश कशाला?”

“दुसरा एकपण फोटो नाय त्यांचा.”

“फोटो काढला की आयुष्य घटतं, म्हणायचे. जन्मात एकदाच बसले.”

“आणि आठ दिवसांत गेले.”

“म्हंजे बरोबरच होतं त्यांचं.”

सरिताने फोटो पाकिटात घातला. मग काउंटरकडे वळली.

“ताई, पावतीवर सूचनेला जागा हाय ना? लिहा.”

ती सांगत गेली तसं वेदिकाने लिहिलं : ‘मयत इसमाने तोंड उजेडाकडे करून पुन्हा एकदा बसावे, ही नम्र विनंती.’