ओटीला सूट नाही

(दवाखान्याचं फाटक. धान्य तपासणी नाक्याचे साहेब त्र्यंबकराव आणि नाक्यावर बायकांची झडती घेणारी मलिका.)

त्र्यंबकराव: ...आणि तिथं रडायचं नाही. तुम्ही रडलात की लोक विचारणार, ही बाई कोण आणि ही कशाला रडते.

मलिका: सायेब, मी दवाखान्यात जात न्हाय. तुमीच जावा की आत.

त्र्यंबकराव: मी गेलो की सरकार आलं असं होतं. तुम्ही बाईमाणूस आहात. त्या मुलीच्या आईशेजारी बाकावर बसायचं, पाणी हवं का विचारायचं, आणि हळूच सांगायचं, उद्या कचेरीतून कोणी चौकशीला आलं तर म्हणा, मुलगी एस्टीच्या पायरीवरून घसरली. संपलं.

मलिका: एस्टीच्या पायरीवरनं कुठं घसरली? नाक्याच्या जोत्यावरनं पडली. मी वढली म्हनून पडली.

त्र्यंबकराव: हळू बोला.

मलिका: हळू बोल्लं म्हनून काय बदलतंय?

त्र्यंबकराव: तुम्हाला ओढायला कोणी सांगितलं? मीच. आणि मी का सांगितलं? गेल्या आठवड्यात तुमच्याच हातून एक बाई सुटली. पोटाला तांदळाची पिशवी बांधून दिवस भरल्यासारखी चालत होती, आणि पुढच्या फाट्यावर उतरून तोच तांदूळ विकत बसली. वरून मला काय बोलणी खावी लागली ते मला माहीत. तेव्हापासून हुकूम आहे, पोटुशी बाई तपासल्याशिवाय नाक्यावरून सोडायची नाही.

मलिका: तपासली की. पोटावर हात ठेवला आन् लगीच तुमास्नी म्हनलं, सायेब, खरं हाय, आत प्वार हलतंय. म्हनलं का न्हाय?

त्र्यंबकराव: म्हणालात.

मलिका: मग तितंच सोडायचं हुतं तिला.

त्र्यंबकराव: तिच्या कमरेला तांदूळ होते.

मलिका: वटी हुती ती. खण, नारळ आन् मूठ-दोन मूठ तांदूळ. आमच्यातबी भरत्यात वटी, मला का कळत न्हाय? पैलं बाळातपन. गगनबावड्याकडनं म्हायारला निघाली हुती पोरगी.

त्र्यंबकराव: आदेशात ओटीला सूट नाही, मलिकाबाई. माणशी जेवढा तांदूळ नेता येतो तेवढा त्या दोघींच्या पिशवीत होता. त्यावर एक मूठ झाली तरी ती तालुक्याबाहेर जाता कामा नये. आज एका ओटीकडे काणाडोळा केला की उद्या गाडीतली म्हातारीसुद्धा ओटी भरून येते. तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? मुंबईत माणसं रेशनच्या रांगेत उभी राहून रिकाम्या हातानं परत जातायत. जिथं पिकतं तिथून सरकारनंच उचलायचं आणि सगळ्यांना वाटायचं, यात चूक काय आहे? वाचताना काही चूक दिसत नाही.

मलिका: वाचणाराला न्हाय दिसायची. हात घालाय मी असतो.

त्र्यंबकराव: तुमचा नवरा बादशहा गेला तेव्हा तुमच्यासाठी शब्द मी टाकला होता. रोजंदारीची का असेना, जागा आहे. चौकशी लागली तर माझी बदली होईल. तुमची बदली होत नाही, तुम्हाला घरी बसवतात.

मलिका: ठावं हाय मला. चमन आन् नजीरा, दोनी पोरं ह्याच हातावर जगत्यात.

त्र्यंबकराव: म्हणून तर सांगतो. जा. मी इथं फाटकाजवळ चिंचेखाली थांबतो.

(दवाखान्याचा व्हरांडा. बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या बाकावर मुलीची आई, बायडाबाई, एकटी बसली आहे.)

मलिका: मावशी, पानी आनू का?

बायडाबाई: नगं. कोन गं तू? थांब. तू नाक्यावरची न्हवं?

मलिका: व्हय.

बायडाबाई: आता काय ऱ्हायलंय? माजी झडती घ्याची ऱ्हायली व्हय? घे. लुगडं झाडून दावतो.

मलिका: असं नगा म्हनू. पोरगी कशी हाय तुमची?

बायडाबाई: सुंद्रा हाय. जित्ती हाय. प्वार ऱ्हायलं न्हाय. ल्योक हुता. नर्सबाईनं फडक्यात गुंडाळून दावला मला. डोस्क्याला केस किती हुतं बाई. ह्येवढं केस मी कुठल्या पोराला बगितलं न्हाईत.

मलिका: या अल्ला.

बायडाबाई: तिला अजून सांगितल्यालं न्हाय. सुद्दीवर आली आन् पैलं काय इच्यारलं असंल? आई, वटी सांडली का गं? प्वाराचं न्हाय इच्यारलं. वटीचं इच्यारलं.

मलिका: मावशी, मी तिला म्हनलतं, सोड बाई, सायबाचा डोळा चुकवून तुजी तुला परत देतो. तिनं दोनी हातांनी धरून ठेवली. मला म्हनली, मरंन पर सोडायची न्हाय. सायेब मागनं वरडालता, गाडी खोळंबलीया, आटपा. मी वढली. ती मागं सरली, आन् मागं जोतं सपलं हुतं.

बायडाबाई: गाडीच्या खिडकीतनं बगत हुतो मी. उतरू दिलं न्हाय मला. म्हनलं एकेकीची झडती घेनार. माज्या डोळ्याम्होरं दगडावर पडली. पडली तरी मुठी घट्ट. मग तुजा सायेब आला आन् तू तिची बोटं एकेक करून उगाडलीस.

मलिका: उगाडली.

बायडाबाई: तुला पोरं हायती?

मलिका: दोन.

बायडाबाई: मग त्या बोटांस्नी हात लावताना तुजा हात कसा चालला गं?

मलिका: चालला, मावशी. कसा ते मला कळत न्हाय. सकाळधरनं ह्यो हात मी कशाला लावला न्हाय. भाकरीबी खाल्ली न्हाय. मला हितं लावून दिलंय. तुमास्नी सांग म्हनलंय, चौकशीला कोन आलं तर म्हना, पोरगी एस्टीच्या पायरीवरनं घसरली.

बायडाबाई: आसं व्हय.

मलिका: पर तुमी म्हनू नगा. तेवढंच सांगाय आलोय मी. खरं हाय ते सांगा. तुमच्या मागनं मीबी सांगतो, मी वढली म्हनून. माजं काम गेलं तर जाऊंदे. कुठं धुनीभांडी करीन.

बायडाबाई: खरं सांगू?

मलिका: सांगा.

बायडाबाई: सांगून काय हुईल?

मलिका: चौकशी हुईल. सायबावर येईल. माज्यावर येईल.

बायडाबाई: तुज्यावर येईल, सायबावर येईल, आन् मग माज्या लेकीवर येईल. ती सगळ्यांत शेवटी, पर तिच्यावरच ऱ्हाईल. तुला तिची सासू ठावं न्हाय. धोंडुबाई. लगीन हून सा वर्सं झाली, सुंद्राची कूस उजवली न्हाय. सासूनं भावाची पोरगी बगून ठेवली हुती, पोराचं दुसरं लगीन लावाय. तेवढ्यात हिला दिस ऱ्हायलं, म्हनून थांबली. आज पाटं निगताना धोंडुबाईनं सोता वटी भरली. आन् समद्या बायकांत सांगितलं, ही वटी म्हायारच्या देवापुढंच सोडायची. वाटंत सुटली तर पोरगं हाताला लागायचं न्हाय. आता सांग, खरं काय सांगू तिला?

मलिका: पर तिनं कुठं सोडली? आमी काडून घेतली. सरकारचा हुकूम हुता.

बायडाबाई: सरकार तिच्या घरात नांदाय जानार हाय? पाय घसरून पडली आसंल तर दैव म्हनतील, चार दिस रडतील, पोरीला म्हनतील, फुडल्या खेपंला बगू. वटी रस्त्यात सुटली म्हनून कळलं, तर हिनं आपल्या हातानं पोरगं घालवलं म्हनतील. दुसरी बायकू आनत्यात, आन् माजी लेक गोठ्यात श्यान काडत बसती. न्हायतर माज्या दारात येती. दारात आली तर घेनार न्हाय मी आसं न्हाय. पर माज्यामागं कोन?

मलिका: मावशी...

बायडाबाई: पायच घसरला तिचा. चौकशीला येऊंदे कोनबी, मी हेच म्हननार. आन् तूबी म्हननार. सांजच्या गाडीनं धोंडुबाई येतीया. मी बोलाय गेलो तर माजं त्वांड बगून वळकंल ती. तू बोलायचं. मी गाडीत शेजारी हुतो, उतरताना पाय घसरला, माज्या डोळ्यांनी बगितलं.

मलिका: मी सांगू?

बायडाबाई: पैलं मला वाटलं हुतं तुजं त्वांडबी बगू नये. पर आता तुज्याबिगार कोन हाय माज्याकडं? म्हनून दाव बगू.

मलिका: उतरताना पाय घसरला.

बायडाबाई: खाली बगून न्हाय. माज्याकडं बगून.

मलिका: उतरताना पाय घसरला.

बायडाबाई: आन् त्यो खण पायजे मला. धोंडुबाईनं शाळू इकून आनल्याला, अंजिरी रंगाचा. पैलं त्योच इच्यारनार ती. नारळ पायजे, तांदूळ पायजे. आतल्या खोलीत देवाचं चित्र हाय. त्याच्याम्होरं मी सुंद्राच्या हातानं वटी सोडतो. तिच्या जिवाला तेवढंच बरं वाटंल. समदं सायबाकडं हाय न्हवं?

मलिका: जप्त हाय.

बायडाबाई: मग आन जा. तुज्या सायबाला पायजे ते मी म्हनतो. माजं मला दे म्हनावं.

(फाटकाजवळ, चिंचेखाली. मलिका परत आली आहे.)

त्र्यंबकराव: काय झालं? इतका वेळ लावलात. मला वाटलं तुम्ही गळ्यात गळा घालून सगळं ओकलात.

मलिका: ती म्हनतीया, पाय घसरला.

त्र्यंबकराव: सुटलो. मी म्हटलंच होतं, बायकांचं बायकांना बरोबर कळतं.

मलिका: तुमच्यासाठी न्हाय म्हनत. लेकीच्या सासूला कळू नये म्हनून म्हनतीया. आन् वटी परत पायजे. खण, नारळ, तांदूळ, समदं.

त्र्यंबकराव: भलतंच काय. ते गोदामात जमा करायला आणलंय मी, या पिशवीत आहे. तांदळाच्या पुडीला लाख लावलीय. पंचांच्या सह्या झाल्यात.

मलिका: कशावर सह्या? पोरगी एस्टीच्या पायरीवरनं पडली. नाक्यावर आलीच न्हाय. मग तिची वटी तुमच्या पिशवीत कुठनं आली?

त्र्यंबकराव: मलिकाबाई, तुम्ही मला अडकवताय.

मलिका: मी न्हाय. तुमीच सांगितल्यालं तुमास्नी सांगतो.

त्र्यंबकराव: घ्या. खण घ्या, नारळ घ्या. तांदूळ राहू दे, मूठभर तर आहेत. दुसरे कुठून तरी घ्या.

मलिका: मूठभरच हुतं सकाळीबी. लाख फोडा.

त्र्यंबकराव: ...घ्या. फोडली. पंचनामा मी बघतो काय करायचं ते. कोणाला दिसू देऊ नका नेताना, पदराखाली धरा.

मलिका: सायेब, उद्या अशीच वटीवाली आली तर?

त्र्यंबकराव: नियम आहे तोच.

मलिका: बदलायचा न्हाय?

त्र्यंबकराव: नाक्यावर काही घडलं आणि वर कळवलं, तर विचार करतात. लिहून आणतात, ओटीला सूट. पण कळवायला काही घडलेलं लागतं.

मलिका: आन् घडलंच न्हाय.

त्र्यंबकराव: ते तुम्ही दोघींनी आत बसून ठरवलंत. मी नाही.

मलिका: व्हय. आमीच ठरवलं.

त्र्यंबकराव: असं बघू नका माझ्याकडे. मी काय दगड आहे? माझी थोरली पहिलटकरीण आहे. पुढच्या महिन्यात तिला बाळंतपणाला घरी आणायची आहे.

मलिका: कुठनं?

त्र्यंबकराव: जयसिंगपूरहून. रेल्वेनं.

मलिका: वटी भरून येईल.

त्र्यंबकराव: येईल की. सासरची माणसं हौशी आहेत.

मलिका: त्या वाटंला नाका न्हाय न्हवं?

त्र्यंबकराव: नाही. त्या वाटेला नाका नाही.